दुसऱ्या नंबरचे पेढे

आपल्याकडे दुसरा नंबर घेऊन घरी आलेल्या पोराला पाणीसुद्धा न विचारता आधी विचारतात, "मग पहिला कोण आला?" २७ ऑगस्ट २०२३ च्या रविवारी मात्र हा प्रश्न कुणीच विचारला नाही. आदल्या रात्री बुडापेस्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आपले मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश हे चौघे चार बाय चारशे मीटर रिलेची प्राथमिक फेरी २ मिनिटे ५९.०५ सेकंदांत धावले. जपानचा आशियाई विक्रम मोडला आणि दुसरे आले. पहिली अमेरिका, तीही फक्त ०.५८ सेकंदाने. अमेरिकेच्या पाठोपाठ आलेल्याला आपण पहिलाच धरतो. स्थळं बघतानाही तोच हिशेब असतो.

सकाळी साडेआठला खालच्या मजल्यावरचे काका आमच्या दारात. राजेश शेवटच्या वळणावर अमेरिकन गड्याच्या पाठीला कसा चिकटला होता, तो व्हिडिओ त्यांनी मला तीनदा दाखवला. मग आमच्या स्वयंपाकघरातून लाटणं मागून घेतलं आणि पॅसेजमध्ये बॅटन कशी द्यायची त्याचं प्रात्यक्षिक. लाटणं उगीच नाही, बॅटनही साधारण तेवढीच, २८ ते ३० सेंटिमीटर. वजन मात्र ५० ग्रॅम असलं तरी चालतं, म्हणजे पोळीला निरुपयोगी.

"छोट्या रिलेत मागे न बघता घेतात, इथे बघून घ्यायची," काका म्हणाले. "देणारा चारशे मीटर पळून अर्धमेला झालेला असतो, त्याच्यावर काय भरवसा?"

हे अगदी खरं. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. तिसरा आणि चौथा धावपटू कुठे उभे राहणार हे पंच ठरवतात. ज्याचा साथीदार दोनशे मीटरला पुढे, तो आत; बाकीचे त्याच क्रमाने बाहेर. एकदा ठरलं की जागा बदलायची नाही. ठाण्याच्या फलाटावर उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून भरून आलं. (माणूस म्हणजे मी.)

त्याच रविवारी रात्री अंतिम फेरी होती. आपण पाचवे आलो. जगात पाचवे! सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर नीरज चोप्राच्या भाल्याचे एकवीस फोटो आले, त्याचं सोनं त्याच रात्रीचं. या चौघांबद्दल एकच ओळ होती, "पाचवे आले वाटतं." प्राथमिक फेरीतल्या दुसऱ्या नंबराला पेढे वाटले होते, जगातल्या पाचव्याला 'वाटतं'.

हिशेब इथेच संपत नाही. ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपण ३ मिनिटे १.५८ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. पुन्हा पेढे. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकला वेळ आली ३ मिनिटे ०.५८ सेकंद. म्हणजे सोन्यापेक्षा बरोबर एक सेकंद जलद, आणि प्राथमिक फेरीतच बाहेर. त्या दिवशी ग्रुपवर निकाल लागला, "आपल्याकडे दमच नाही." एक सेकंद लवकर पोचल्याबद्दल इतकी शिक्षा सरकारी कचेरीतसुद्धा होत नाही.

पॅरिसनंतर काका जिन्यात भेटले. मी म्हटलं, "काका, रिले पाहिलीत का?"

"कुठली रिले?" ते भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले. पिशवी बघून घेतली, हे मी टिपलं.

"तेच ते, बॅटनवालं. आणि काका, ते लाटणं..."

"ते होय? ते मी दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर दिलं. त्यांना दाखवायचं होतं ना, कसं पकडतात ते."

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ते चौथ्यावर दिलंय. चौथ्यावरचे सध्या पुण्याला असतात.