नाझरसाहेबांची नाडी

दारव्ह्याच्या दिवाणी न्यायालयात समन्सांची बजावणी आणि जप्तीच्या मालाची मोजदाद करण्यात उमेदीची सारी वर्षे खर्ची घालून, सेवानिवृत्तीनंतर यवतमाळात दत्त चौकापासून जवळच बिऱ्हाड थाटलेल्या ज्या गृहस्थांचा परिचय मी येथे करून देणार आहे, त्यांची प्रकृती उत्तम आहे. आणि एवढी एक गोष्ट त्यांना पटवून देणे आजवर कोणत्याही वैद्याला, डॉक्टरला किंवा खुद्द त्यांच्या सहधर्मचारिणीला साधलेले नाही. त्यांच्या जातीचे पुरुष जिल्ह्यात सर्वत्र आहेत. पुसदला ते अडत्याच्या गादीवर बसून स्वतःची जीभ आरशात न्याहाळताना दिसतात, वणीला शाळेच्या शिक्षकदालनात छाती चोळताना भेटतात. परंतु आमच्या नाझरसाहेबांची शिस्त त्यांच्यापैकी कोणापाशी नाही.

लाल रुमालात बांधलेली त्यांची नोंदवही हा या शिस्तीचा अस्सल दाखला होय. तारीख, वेळ, नाडीचे ठोके, रक्तदाब, जिभेचा वर्ण, शौचाची कैफियत आणि शेरा असे रकाने आखलेल्या त्या वहीत 'डाव्या कुशीत सूक्ष्म वेदना, चौकशी प्रलंबित' किंवा 'उजवा कान क्षणभर वाजला, साक्षीदार नाही' अशा नोंदी सुवाच्य अक्षरांत आढळतात. सकाळी फिरावयास निघालेल्या या गृहस्थांना पूर्वी लोक 'काय म्हणते तब्येत?' असे रीतीप्रमाणे विचारीत; परंतु या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या संपत नाही, हे अनुभवास आल्यापासून सारी आळी त्यांच्याशी पाऊसपाणी आणि कापसाचा भाव याच विषयांवर बोलते. कापसाच्या भावावरूनही ते अत्यंत कौशल्याने कापसाच्या धुळीवर, आणि तेथून स्वतःच्या फुप्फुसांवर येतात, ही गोष्ट वेगळी.

तपासणीसाठी नागपूर गाठण्याचा त्यांचा परिपाठ आहे. तेथे रक्त, लघवी, हृदयाचा आलेख यांची रीतसर छाननी होऊन आरोपी निर्दोष असल्याचा लेखी हुकूम हाती पडला, की वर्धा येईपर्यंत त्यांच्या मुद्रेवर अपूर्व प्रसन्नता विलसत असते; देवळीला बस थांबते तेव्हा तपासलेला नमुना चुकून दुसऱ्याचाच तर नसेल, अशी शंका डोके वर काढते; आणि कळंबला चिंतामणीच्या दिशेने हात जोडेपर्यंत, ज्या रोगाची तपासणीच झाली नाही अशा एखाद्या रोगाचे नाव त्यांना आठवलेले असते. दिलासा हा असा जितका मागावा तितका अल्पायुषी होत जातो, हे त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, एसटीच्या तिकिटांवरून ताडले होते. मानसशास्त्रज्ञांचेही मत याहून फारसे निराळे नाही.

हे सारे 'मनाचे खेळ' आहेत असे म्हणून हसणाऱ्यांशी मात्र माझा मतभेद आहे. नाझरसाहेब मनगटावर बोटे ठेवतात, काही विपरीत आढळेल या भीतीने श्वास रोखतात, त्या भीतीने मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदय दौडू लागते, आणि वहीत नाडीचे 104 ठोके नोंदविले जातात. ते ठोके दुसऱ्या कोणीही मोजले तरी 104 च भरतील. एकदा मानेत गाठ असल्याच्या संशयाने त्यांनी ती जागा आठवडाभर इतक्या निष्ठेने चाचपली, की अखेर तेथे खरोखरच सूज आली आणि संशयाला पुरावा मिळाला. साक्षीदार खरे बोलत असतो. चुकतो तो साक्षीवरून काढलेला फैसला. शेजारच्या एका प्राध्यापकांनी तर त्यांचे मन रमावे म्हणून मोलिएर या फ्रेंच नाटककाराची हकीकत ऐकविली होती, की काल्पनिक रोग्यावर त्याने विनोदी नाटक लिहिले आणि 1673 साली त्या रोग्याची भूमिका स्वतःच केली. परंतु चौथ्या प्रयोगात मोलिएर रंगभूमीवर अस्वस्थ होऊन त्याच रात्री मरण पावला, हा उत्तरार्ध प्राध्यापकांच्या तोंडून निसटला, आणि नाझरसाहेबांनी त्या सबंध कथेतून तेवढाच भाग दफ्तरी दाखल केला.

परवाच्या कार्तिकात मात्र प्रकरण हातघाईवर आले. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती, आणि वडिलोपार्जित शेतावर देखरेखीस गेलेले नाझरसाहेब तिन्हीसांजेला पऱ्हाटीतून परतत असता पायाशी काहीतरी सळसळले, टाचेत तीव्र कळ उठली आणि एक लांबलचक सर्प धुऱ्याकडे पसार होताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. "मालक, थे धामण होय, तिले इख नसते," सालदार कंदील धरून सांगत होता, "अन् चावली बी नाही, पऱ्हाटीचा खुटा रुतला तुमाले!" परंतु तोवर ओठ बधिर झाले होते, घामाच्या धारा लागल्या होत्या, जीभ जड पडली होती आणि पोटातील रोडगे बाहेर आले होते. रुग्णालयाकडे तत्काळ धाव घेतली हे उत्तमच झाले. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार यांच्या मुलुखात अंधारातल्या दंशाची शहानिशा शेताच्या धुऱ्यावर करू नये.

तरुण डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलविता उभी ठेवली. घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनले असेल तर ते रक्त बहुधा गोठत नाही. ती वीस मिनिटे नाझरसाहेबांनी, ज्याचा निकाल राखून ठेवला आहे अशा पक्षकाराच्या चेहऱ्याने, नळीकडे टक लावून काढली. नळी तिरपी केली. रक्त गोठले होते. ओठांचा बधिरपणा ओसरला, जीभ सुटली, आणि सुटलेल्या जिभेने त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की इतक्या तत्परतेने गोठणारे रक्त हृदयाच्या वाहिन्यांत गोठणार नाही कशावरून? नाग-मण्यारांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवतो, असे डॉक्टरांनी सांगताच त्यांनी ती अवघी रात्र टक्क जागून काढली. झोप येणे हेच लक्षण ठरल्यावर दुसरे काय करणार!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत, चिकित्सास्थानात, नेमक्या याच प्रसंगाची दखल घेतलेली आहे, हे वाचून मला तरी विस्मय वाटला. अंधारात काहीतरी टोचलेल्या माणसाला केवळ विषाच्या शंकेने ज्वर, वांती, मूर्च्छा आणि दाह होतो. चरक त्याला शंकाविष म्हणतात आणि रोग्याची टवाळी न करता साखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध आणि मंत्रोदकाबरोबरच आश्वासन व हर्ष यांची योजना सांगतात. खोटा दंश आणि खरा रोगी, हे दोन्ही एकत्र मान्य करण्याइतकी उदारता आमच्या आळीत अद्याप आलेली नाही.

त्या तरुण डॉक्टरांना चरक ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. नाझर हे पद मात्र त्यांना पुरते समजले होते. त्यांनी सकाळी गंभीरपणे सुचविले, की शरीराच्या तक्रारी येतील तशा तत्क्षणी चालवू नयेत. अर्ज दाखल करून घ्यावा, आणि रोज सायंकाळी पाच ते साडेपाच या वेळात एकदाच पेशी ठेवावी. नाडी आठवड्यातून एकदाच पाहावी. चिंता सोडा, असे सांगणारे नाझरसाहेबांना शेकडो भेटले होते, परंतु चिंतेला कार्यपद्धती लावून देणारा हा पहिलाच मनुष्य होता, आणि त्यांनी तो हुकूम शिरसावंद्य मानला. पाचाच्या ठोक्याला ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात व दिवसभराचे अर्जदार एकामागून एक पुकारतात: सकाळी दहाची छातीतील कळ, दुपारची घेरी, जेवणानंतरची पोटरीतील चमक. बहुतेक अर्जदार पुकारा होऊनही हजर राहत नाहीत, आणि वहीत 'वादी गैरहजर, सबब प्रकरण निकाली' असा शेरा पडतो. काही हट्टी वादी अजूनही येतात. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

मागल्या पंधरवड्यात काकूंनीही आपल्या दुखऱ्या गुडघ्याचा अर्ज, चहाच्या पेल्यासह, समक्ष दाखल केला. गुडघा कित्येक वर्षांपासून सुजतो, पण घरातील एकमेव नोंदवहीत त्याला आजवर रकाना मिळालेला नव्हता. नाझरसाहेबांनी चष्मा पुसला, अर्ज लक्षपूर्वक ऐकला, क्षणभर विचार केला, आणि पुढची तारीख दिली.