पंचवीस वर्षांचा समुद्र विकणाऱ्यास

प्रति,
हॉलिडे सल्लागार महोदय,
मुक्काम : कुठल्याही थ्री-स्टार हॉटेलचा बँक्वेट हॉल.



मॉलमधल्या काचेच्या पेटीत टाकलेल्या कुपनावर माझं नाव निघाल्याचा तुमचा फोन आला आणि मला भरून आलं. ज्याला आजवर सोसायटीच्या हळदीकुंकवातला लकी ड्रॉही लागला नाही, त्याला तीन दिवस-दोन रात्री मोफत! अट एकच, नवरा-बायकोने जोडीने यायचं. सत्यनारायणाला बसवताना गुरुजीसुद्धा एवढा आग्रह धरत नाहीत. हॉलमध्ये शिरलो तर चाळीसएक जोडपी बसलेली, आणि सगळीच विजेती. तुमच्या कंपनीची पेटी इतकी उदार की तिच्यात हरणारं कुपनच नसावं.

तुम्ही विचारलंत, सुट्टीला कुठे जाता? आम्ही म्हणालो, अलिबागकडे. कधी नागाव, कधी काशीद, पाय लांबवले तर दिवेआगर-श्रीवर्धन. राहायला कुठे? वाडीतल्या घरी, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी असते तिथे. त्यावर तुमच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटली, ती मी विसरणार नाही. मुंबईत ज्याला मूर्ख समजायचं त्याला 'अलिबागसे आया है क्या?' असं विचारतात. त्या वाक्यावर बंदी घाला म्हणून हायकोर्टात याचिका झाली होती. कोर्टाने ती २०१९ मध्ये फेटाळली. आम्ही तर दरवर्षी खरोखरच अलिबागहून येतो. तेव्हा तुम्ही आम्हाला अचूक हेरलंत, यात तुमचा काय दोष?

मग तुम्ही कागद ओढलात. 'सर, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. पंचवीस वर्षं भाडं भरून हातात काय राहतं?' आमच्या हिने 'चपलेतली वाळू' असं उत्तर दिलं, पण ते तुमच्या तक्त्यात बसणारं नव्हतं. पाच लाख एकदाच भरायचे, पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री तुमच्या रिसॉर्टमध्ये राहायचं, म्हणजे १७५ रात्री. रात्रीला पडले २,८५७ रुपये. 'एवढ्यात कुठलं रिसॉर्ट येतं, सर?' म्हणत तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत.

पेन चांगलं होतं, म्हणून तुमचाच हिशेब मी त्याने पुढे नेला. वार्षिक देखभाल शुल्क तुम्ही मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात ठेवलं होतं. ते वीस हजार धरले तर सात रात्रींत रात्रीमागे आणखी २,८५७. जेवण वेगळं, कर वेगळा, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आता तेच पाच लाख बँकेत सात टक्क्यांनी मुदत ठेवीत पडले असते तर वर्षाला ३५,००० व्याज आलं असतं. त्या व्याजावर पाणी सोडायचं आणि वर तुमचं शुल्क भरायचं, म्हणजे वर्षाला ५५,०००; रात्रीमागे ७,८५७. व्याजावर कर जातो हे मान्य. पण पंचवीस वर्षांनी बँकेतलं मुद्दल बँकेत असतं. तुमच्याकडचं मुद्दल हवा खायला गेलेलं असतं. नागाव-आक्षीच्या वाडीत आडवारी साधी, स्वच्छ खोली दोन-अडीच हजारांत मिळते, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काकू उकडीचे मोदकही करतात. त्यासाठी पाच लाख आधी मागत नाहीत.

'पण महागाई, सर!' हे तुमचं ब्रह्मास्त्र. भाडी वाढतात, खरंच वाढतात. मात्र तुमचं शुल्कही काही व्रतस्थ नाही. ते वर्षाला सहा टक्क्यांनी वाढलं तर आजचे २०,००० पंचविसाव्या वर्षी ८१,००० च्या घरात जातात. 'आजच्या दरात सुट्टी गोठवा' असं तुमच्या भिंतीवर लिहिलं होतं. गोठतं ते फक्त आमचं मुद्दल.

'मालक व्हा' हेही तुम्ही फार प्रेमाने म्हणालात. रायगडात मालकी म्हटलं की माणूस आधी सात-बारा मागतो. अलिबाग तालुक्यात दोन गुंठ्यांवरून सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलंय. मी विचारलं, आमचं नाव कुठल्या उताऱ्यावर लागेल? तुम्ही लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलंत. जमीन कंपनीची, इमारत कंपनीची, गाद्या-उशाही कंपनीच्या. आमचा फक्त वापराचा हक्क, तोही खोली शिल्लक असेल तर. 'नको झालं तर विकता येतं' म्हणालात. कोणाला, ते मात्र सांगितलं नाहीत. नवं कार्ड खपवायला तुम्हालाच मोफत जेवण, भेटवस्तू आणि टाळ्या लागतात. आमचं जुनं कार्ड आम्ही एका चहावर कोणाच्या गळ्यात मारायचं?

हंगामांना रंग देण्याची तुमची कल्पनाही रसिक आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना महागड्या रंगात. आमच्या ऐपतीच्या रंगात जुलै आला. जुलैतला रायगड सुंदरच दिसतो, पण तिथे पोचायचं कसं आणि खायचं काय? पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी, म्हणजे ताजी सुरमई नाही. गाड्या नेणारी रो-रो बोट समुद्राची मर्जी सांभाळून चालते. उरला रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं. कुठलंही काम लांबत लांबत पंचवीस वर्षांकडे कसं जातं, हे त्या रस्त्याकडून शिकावं. वडखळ नाक्यावर तुंबलेल्या गाडीत बसून आम्ही आमच्या स्वस्त रंगाकडे बघत राहायचं.

पंचवीस वर्षं या आकड्याचीच मला खरी गंमत वाटते. २००० साली असा करार करणाऱ्याला कुठे ठाऊक होतं की २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरता येईल, किंवा २०२४ मध्ये अटल सेतू खुला होईल? भाडं भरणारा अशा वेळी बेत बदलतो. मुलांची दहावी आली, आईचा गुडघा दुखला, नोकरी गेली, की त्या वर्षी जात नाही.

न जाण्याचा हा हक्कच तुम्ही वर पाच लाख घेऊन आमच्याकडून काढून घेत होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या श्रीवर्धनात बागाच्या बागा झोपल्या. पोफळ नव्याने लावली की फळ धरायला वर्षं जातात. वर टाळेबंदी होतीच. त्या उन्हाळ्यात आम्ही घरात बसलो. ज्यांचं छप्पर उडालं होतं त्या काकूंनीसुद्धा 'तुम्ही आला नाहीत, तरी वर्षाचं शुल्क भरा' असं पत्र आम्हाला पाठवलं नाही. तुमच्या करारात मात्र या पत्राची तरतूद आहे. मी ते कलम दोनदा वाचलं.

तुमच्यावर अन्याय नको. भाड्याच्या सुट्टीतही खोट असते. जोडून सुट्ट्या आल्या की वाडीवाले दर चढवतात, ३१ डिसेंबरला तर खोलीच मिळत नाही, फोटोतला समुद्र खिडकीतून दिसेलच असं नाही. आणि एखादं कुटुंब दरवर्षी न चुकता सात दिवस रिसॉर्टमध्येच राहतं, सहा महिने आधी तारखा ठरवतं, नव्या नव्या गावी जातं, शुल्क भरताना कुरकुरत नाही. त्यांना तुमचं कार्ड परवडेलही. पण अशा घराला हुडकायला मॉलमध्ये पेटी ठेवावी लागत नाही. ते स्वतःहून चालत येतं.

सुट्टीच्या रात्री आगाऊ विकण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या, आणि राहायचं नसेल तर वाढीव पैसे परत, असंही सांगितलं. सेबीने २०१४ मध्ये त्यांना पैसे गोळा करण्यास मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये हा प्रकार बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करायला सांगितलं. आकडा होता सात हजार कोटींहून अधिक, आणि गुंतवणूकदार पन्नास लाखांवर. तुमचा धंदा तो नव्हे, कबूल. म्हणूनच 'ही गुंतवणूक आहे, सर' हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकताना मला विशेष मौज वाटली.

शेवटी तुमचे मॅनेजर आले, सव्वा लाखाची सूट देऊन गेले. ती सूट फक्त त्या संध्याकाळपुरती होती. पलीकडच्या टेबलावर सही झाली, घंटा वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युरोपीय संघात टाइमशेअर, म्हणजे असं सुट्टीचं कार्ड, घेणाऱ्याला सही केल्यावरही १४ दिवसांत, कारण न देता, माघार घेता येते. २००८ च्या निर्देशाने तो हक्क दिला. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलं असेल तेवढीच मुदत. रात्रीत विचार बदलू शकतो हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून तर तुम्ही रात्रच मध्ये येऊ देत नाही.

आता दोन शब्द वाचकांसाठी. सही होऊन गेली असेल तर रद्द करण्याचं कलम शोधा आणि मुदतीत लेखी कळवा. फोनवरच्या गोड बोलण्यावर राहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. सही व्हायची असेल तर एवढंच करा : मुद्दलाचं व्याज आणि वार्षिक शुल्क यांची बेरीज करा, खऱ्या अर्थाने वापराल तेवढ्याच रात्रींनी भागा, आणि करार घरी वाचायला मागा. देत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं. उठा आणि निघा. मोफत जेवण बुडालं तरी चालेल.

आपला,
भाडं भरून सुखी असलेला एक विजेता