रेटिंगची भिशी

वडीलधाऱ्या माणसानं चाल परत मागितली तर द्यावी का, हा प्रश्न आमच्या बुद्धिबळ क्लबात कधी पडलाच नव्हता. द्यायची. वाचनालयाच्या माडीवर, डुगडुगत्या टेबलाशी बसून बँकेतले काका ‘अहो, तो उंट मला दिसलाच नाही हो’ असं पुटपुटत वजीर मागे नेऊ लागले, की ‘मोहऱ्याला हात लावला म्हणजे खेळायचंच’ हा जगभर पाळला जाणारा नियम तेवढ्यापुरता रद्द व्हायचा. मग २०२० साली टाळेबंदी आली, माडीला कुलूप लागलं आणि सगळा क्लब उठून लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर गेला. (ते फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि चहाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा आहे, हे खजिनदारांनी लगेच लक्षात आणून दिलं.) चाल परत मागायची सोय तिथेही आहे. पण समोरच्याच्या पडद्यावर नुसता प्रश्न उमटतो, आणि खाली बरोबरची खूण नि फुली. फुली दाबताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. काकांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा नकार मिळाला तो सख्ख्या पुतण्याकडून, आणि पुढच्या गणपतीत त्यांनी त्याला प्रसाद जरा हात आखडूनच दिला.

माडी यथावकाश उघडली, पण रात्री जेवणं झाल्यावर फोन घेऊन बसायची सवय काही सुटली नाही. घरच्यांच्या दृष्टीनं हे आणखी वाईट. पूर्वी माणूस क्लबात गेला म्हणजे निदान घरात तरी नसायचा.

पडद्यावर माणसं वेगळीच कळतात. आमचे वकीलसाहेब कोर्टात तारखांवर तारखा घेण्याबद्दल पंचक्रोशीत ख्यातनाम आहेत. रविवारच्या अरीना स्पर्धेत मात्र ते प्रत्येक डावाला ‘बर्सर्क’चं बटण दाबतात. ते दाबलं की आपल्या घड्याळातला निम्मा वेळ आपणच टाकून द्यायचा आणि तरीही जिंकलो तर एक गुण जास्त. तीन मिनिटांच्या डावात दीड मिनिट हातात ठेवून हा गृहस्थ असा काही सुटतो, की अशिलांनी पाहिलं तर वकीलपत्र काढून घेतील.

सबबींचंही तसंच. आधी ‘डोकं चढलंय’ किंवा ‘लाईट गेले’ एवढ्यावर भागायचं. आता ‘नेट गेलं’. सुरुवातीला कुणी विश्वास ठेवत नसे. पण टाळेबंदीच्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत रशियाविरुद्ध खेळताना निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळं संपली आणि दोघंही हरल्याची नोंद झाली. भारतानं दाद मागितली, आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. आपल्या संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. दोन मराठी नावं गुंतलेली असल्यामुळे म्हणा, आमच्याकडे हा निवाडा फार मनावर घेतला गेला. हल्ली ज्याचा वजीर जातो त्याचं पुढच्या दोन चालींत नेट जातं, आणि तो बरोबरी मागतो.

पण सगळ्यांच्या मनात खरं काय असेल, तर आपला खेळ सुधारला पाहिजे. डाव संपला की लिचेसवर संगणकाकडून तपासून घेता येतो. स्टॉकफिश नावाचं इंजिन आपल्या चालींपुढे एक किंवा दोन प्रश्नचिन्हं टाकतं. शिवाय एका प्याद्याचे शंभर भाग धरून दर चालीला सरासरी किती भाग घालवले, तेही सांगतं. खजिनदारांना खेळापेक्षा हाच भाग जास्त आवडतो. मंगळवारी त्यांची सरासरी घट बासष्ट होती, गुरुवारी अठ्ठावन्न. वहीत नोंद आहे. माझं मत विचाराल तर इंजिन चूक दाखवतं, पण ती आपण का केली हे त्याला ठाऊक नसतं. ते कळतं काकांना. ‘तुला तो घोडा मारायची घाई झाली होती,’ एवढंच ते फोनवर म्हणतात, आणि ते खरं असतं.

सुधारण्याच्या बाबतीत काकांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कुठलासा व्हिडिओ पाहून ते राजा-प्याद्याचा शेवट शिकले. समोर नुसता राजा उरला असेल आणि आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढे राहून सहाव्या रांगेत पोचला, तर चाल कुणाचीही असो, डाव आपलाच. फक्त प्यादं अगदी कडेचं नको. काका याआधी राजाला मागे ठेवून प्यादं तेवढं ढकलत नेत आणि बरोबरी घेऊन उठत. आता राजा पुढे, प्यादं मागे! महिनाभर ते सुटले. रेटिंग कधी नव्हे इतकं वर गेलं. मग व्हायचं तेच झालं. त्यांना राहवेना. त्यांनी एकेकाला फोन करून, रविवारी माडीवर पट मांडून, पुतण्यालासुद्धा शेजारी बसवून ती युक्ती सगळ्या क्लबाला शिकवली. पुढच्या महिन्यात काकांचं रेटिंग होतं तिथे आलं.

यात दोष काकांचा नाही, गणिताचा आहे. रेटिंगची ही रीत बसवली ती आर्पाद एलो या मूळच्या हंगेरीतल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकानं. फिडेनं ती १९७० साली स्वीकारली. दोघांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असेल तर वरच्यानं चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असा तिचा हिशोब. लिचेसवर तिचीच सुधारलेली आवृत्ती चालते. आकडा सांगतो तो दोघांतला फरक. खेळ किती चांगला, हे तो सांगत नाही. जिंकणाऱ्याला मिळतात ते गुण हरणाऱ्याच्या खात्यातून येतात, पैन्‌पै नसले तरी जवळजवळ. आम्ही तर सदोदित आपसातच खेळणारे. म्हणजे ही भिशी झाली. या महिन्यात वकीलसाहेबांनी उचलली, पुढच्या महिन्यात खजिनदारांनी, रक्कम तेवढीच. सगळा क्लब एकदम सुधारला तरी कुणाच्या आकड्यावर त्याची खूण उमटायची नाही. हे खजिनदारांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे व्याज नाहीच?’

व्याज बाहेर होतं. आमच्यातले दातांचे डॉक्टर रात्री झोप येत नाही म्हणून अनोळखी लोकांशी खेळायला लागले. कधी ब्राझीलचा, कधी तुर्कस्तानचा; कुणी चाल परत देत नाही, कुणी विचारपूस करत नाही. पावसाळा संपेपर्यंत डॉक्टरांचं रेटिंग आम्हा सगळ्यांच्या बरंच वर गेलं. याचा अर्थ इतकाच, की आम्ही सगळेच तेवढे सुधारलो होतो. बाहेर जाऊन पाहिलं त्यांनी एकट्यानं.

दिवाळीत डॉक्टर पुन्हा आमच्यात खेळू लागले. काकांनी त्यांना राजा-प्याद्याच्या शेवटात हरवलं, वकीलसाहेबांनी निम्म्या वेळात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्यांनी कमावून आणलेले गुण क्लबात नीट वाटले गेले, आणि सगळ्यांचे आकडे थोडे थोडे वर आले. मागच्या बैठकीत खजिनदारांनी वही उघडून ठराव मांडला, की डॉक्टरांना आणखी दोन महिने बाहेर पाठवावं. काकांनी अनुमोदन दिलं.