बारा व्होल्टची बाज

नांदेडला मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभी केलेली गाडी उघडणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं दार उघडून चटकन बाजूला सरायचं आणि दुसऱ्यानं लिंबाच्या सावलीतून सूचना द्यायच्या. मग चारी दारं सताड उघडी टाकून आतली वाफ गल्लीच्या स्वाधीन करायची, सीटवर ओला पंचा अंथरायचा, स्टिअरिंग रुमालानं धरायचं आणि देवाचं नाव घेऊन टेकायचं. एवढं सांभाळूनही सीटबेल्टचं लोखंडी टोक दावा साधतंच. बैलाला डाग देतात तसा एक डाग माझ्या कोपरावर तीन उन्हाळे मुक्कामाला आहे.

अशा या गाडीत मी सीट गरम करायचं यंत्र बसवून घेतलं आहे.

हसून घ्या, मी थांबतो. माझी बायको हे ऐकून जेवढी हसली तेवढं तुमच्यानं होणार नाही. तिचं माहेर लातूरचं. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात टोरांटोहून उष्णता आणणारं हे पहिलंच घर, असं तिचं म्हणणं. पुढे तिनं एवढीच विनंती केली, "अहो, हे आमच्या अण्णांना सांगू नका." नांदेडकरांबद्दल लातूरकरांचं मत आधीच फारसं चांगलं नाही. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं, तेव्हापासून आमच्या घरात तो विषय जेवताना काढत नाहीत.

यंत्र फुकटचं होतं. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. डिसेंबरात आला तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटं निघाली, आईसाठी स्वेटर निघालं आणि खाली एक चपटं खोकं निघालं. त्यात गादीसारख्या चार काळ्या चकत्या, तारांचं भेंडोळं, दोन बटणं.

"दादा, आईच्या कंबरेसाठी. गाडीच्या सीटखाली बसवायचं. तिकडं सगळ्यांकडं असतंय."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नांदेड सोडून त्याला बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा डिसेंबरातच आला. पोरांच्या नाताळच्या सुट्या. त्याच्या मनातल्या नांदेडला कायम पहाटेचं धुकं असतं, गोदावरीच्या घाटावर शाली असतात, हुरडा असतो. त्याच्या पोरांची तर खात्रीच आहे की भारत हा सव्वीस अंशांचा देश आहे. बरं, थंडी आमच्याकडे पडत नाही असंही नाही. दीड तासावरच्या परभणीला, कृषी विद्यापीठात, २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. पण परभणीचं सोडा. परभणी कशातच मागे राहत नाही.

यंत्राची गोष्ट अशी की अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत १९६६ साली गरम होणारी सीट पैसे जास्त मोजले तर मिळू लागली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीनं ती चालकाच्या सीटला गाडीसोबतच द्यायला सुरुवात केली. आत फार काही नाही. पातळ चकतीत कार्बनचे धागे, त्यातून बॅटरीची बारा व्होल्टची वीज सोडायची; एका सीटला चारेक अँपिअर, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ताकद. एक चकती बैठकीखाली, एक पाठीमागे. ठरावीक ऊब झाली की ती आपोआप बंद होते, गार झाली की पुन्हा चालू. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

लातूर फाट्याकडे सीट कव्हरवाल्यांची दुकानं आहेत, त्यांतल्या एकाकडे गाडी नेली. गडी वाकबगार. त्यानं खोकं उलटंपालटं करून पाहिलं, चकती गालाला लावून पाहिली.

"साब, ये ठंडा करने का है ना?"

"नाही. गरम."

"गरम? सीट?" त्यानं दुकानातल्या पोराला हाक मारली, शेजारच्या टायरवाल्यालाही बोलावलं. "साब, पैसा कायकू खर्चा करते? मई तक रुक जाओ. सूरज फ्री में कर देता."

हा माणूस मला दर वाक्याला 'साब' म्हणत होता आणि ज्यांनी ही सीट घरोघर नेली त्या कंपनीचं नावही तेच, हे त्याला सांगायची मला फार इच्छा झाली. पण टायरवाला आधीच पोट धरून बसला होता.

पूर्वी गाडीवाले लाकडी मण्यांचं कव्हर टाकायचे, पाठीला वारा लागावा म्हणून. आता तर कंपनीच भोकं पाडून आत पंखा बसवलेली सीट देते. म्हणजे सगळा देश बूड थंड करायच्या मागे आणि मी एकटा उलट्या दिशेला. तरी गड्यानं काम हातात घेतलं. सीटची खोळ उकलली, चकत्या स्पंजावर चिकटवल्या. गाडी जुनी, सीटच्या कडेला एअरबॅग नाही, त्यामुळे ती एक काळजी नव्हती. नव्या गाडीवाल्यांनी मात्र हा उद्योग करताना तिथली शिवण विचारूनच उसवावी. घोटाळा तारेत झाला. बॅटरीपासून वेगळी तार, तिला स्वतःचा फ्यूज आणि रिले, असं खोक्यावरच्या चित्रात होतं. गड्यानं जवळची सोय पाहिली आणि हॉर्नची तार पकडली. दोन्ही सीटा चालू केल्या, हॉर्न दाबला, फ्यूज गेला. मुका झालेला हॉर्न घेऊन मी वजिराबादेतून घरी आलो तो अर्धा तास मी कुणाला सांगत नाही. नांदेडात ब्रेकचं भागवून घेता येतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं चित्रातल्यासारखं केलं आणि हँडब्रेकपाशी शेजारीशेजारी दोन बटणं बसवून दिली. दाबलं की लाल दिवा. एक माझं, एक डाव्या सीटचं.

डिसेंबरअखेरीस लातूरला साखरपुडा होता. गाडी सात जणांची, म्हणजे आम्ही नऊ निघालो. पहाटे साडेपाचला बाहेर पडलो तेव्हा काच पुसावी लागत होती. आई पुढे, शाल, मफलर, वरून भावानं आणलेलं स्वेटर. मी काही न बोलता तिचं बटण दाबलं. लोह्यापर्यंत ती गप्प होती. लोह्याला चहाला थांबलो तर उतरेना. चहा आत द्यावा लागला. मग कपातला शेवटचा घोट संपवून डोळे मिटूनच म्हणाली,

"काय गा, ही तर बाळंतिणीची बाज की."

गाडीत एकदम शांतता झाली. आणि मग मला कळलं की आपण काय बसवून घेतलं आहे.

कारण सुंभाची बाज, तिच्याखाली शेगडीत गोवरीचा विस्तव, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा, आणि वर पडून पाठ-कंबर शेकत असलेली बाई, ही सीट आमच्याकडे कॅडिलॅकच्या कितीतरी आधीपासून होती. वीज नव्हती, रिले नव्हता, ऊब जास्त झाली की "अगं, भाजलं!" असं ओरडायचं, की आजी शेगडी सरकवायची. तोच आपोआप बंद होणारा खटका. शिवाय कंबरेला तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, गुडघ्याला रुईचं पान, निरगुडीचा पाला, टाचेला गरम विटकर. शेकण्याची एवढी विद्या असलेल्या मुलखाला टोरांटोनं काय शिकवावं! पण आई खूश झाली ती झालीच. लोहा ते माळाकोळी तिनं माझ्या जन्माच्या वेळी शेगडीत गोवऱ्या किती लागल्या, कोणी थापल्या होत्या आणि मी किती रडलो याचा तपशील सांगितला. मागे बसलेला टोरांटोचा पुतण्या इंग्रजीतून बापाला अर्थ विचारत होता आणि बाप त्याला खिडकीबाहेरची तूर दाखवत होता.

वाटेत माळेगावला खंडोबाची यात्रा. रस्त्यावर माणसं, उंट, गाढवं, घोडे. गाडी अर्धा तास जागची हलेना. एक घोडेवाला शेकोटीपाशी उकिडवा बसला होता, तो काचेशी येऊन गप्पा मारू लागला. आईनं त्याला मोठ्या अभिमानानं सीटला हात लावून पाहायला सांगितलं. त्यानं तळवा टेकवला, विचार केला आणि म्हणाला, "आमच्या घोडीची पाठ असतीय की अशीच. बिगर बटणाची." आणि निघून गेला. आई अहमदपूर येईपर्यंत त्याच्यावर रागावलेली होती. मला मात्र तो साबवाल्यांपेक्षा जास्त बोलून गेला असं वाटलं.

चाकूर, आष्टामोड करत लातूर गाठलं. अण्णांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. बायकोनंच गाडीतून उतरायच्या आत सांगितलं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि जेवणं होईपर्यंत सोळाही रस्त्यांवरून आमच्या सीटची बातमी गेली असावी. मंडपाबाहेर गाडीपाशी रांग लागली. आत्या, मावश्या, नवऱ्या मुलीची आजी, एक निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येकी आठ मिनिटं, वेळ बायको लावत होती, घड्याळ बघून. लातूरकर शिस्तीचे, दहावी-बारावीला असतात तसेच इथंही. कुणी मध्ये घुसलं नाही. आणि मी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर बसलेलो, कारण बंद गाडीत बॅटरी उतरली तर परत कोण ढकलणार? अण्णा शेवटी आले. शेकून घेतलं, उतरले, धोतर सारखं केलं.

"जावईबापू, डिझेल काय भाव आहे?"

मी सांगितलं.

"आणि गोवरी?"

आयुक्तालयाचा वाद त्या क्षणी लातूरनं जिंकला.

भाऊ परत गेला. जानेवारी छान गेला. फेब्रुवारीत बटणाची आठवण कमी झाली आणि चैत्रात माहूरला रेणुकामातेला जाऊन आलो तेव्हा ऊन असं होतं की सीटमध्ये काही बसवलं आहे हेच आम्ही विसरलो होतो.

एप्रिलमध्ये गाडीचा एसी बिघडला. म्हणजे वारा गार यायचा, पण गार वाटायचं नाही. छातीला हिमालय आणि पाठीला मराठवाडा. शर्ट पुढून कोरडा, मागून पिळून घ्यावा असा. एका ठिकाणी नेली, त्यानं गॅस भरला. आठ दिवसांत परत तेच. दुसऱ्याकडे नेली. त्यानं पहिल्याला शिव्या दिल्या आणि तोच गॅस काढून पुन्हा भरला. त्यानं जाळी धुतली, पंखा बदला म्हणाला, काचांना फिल्म लावा म्हणाला, गाडी विका म्हणाला. बायकोचं निदान वेगळं होतं, "तुम्हाला पित्त झालंय." मी पंधरा दिवस कोकम सरबत घेतलं. माझा स्वतःचा संशय वयावर होता.

मेच्या मध्यात सीटची शिवण उसवली म्हणून लातूर फाट्याच्या त्याच गड्याकडे गेलो. गाडी तासभर उन्हात उभी होती. त्यानं दार उघडलं, किल्ली फिरवली, हँडब्रेकपाशी वाकला, आणि पुन्हा टायरवाल्याला हाक मारली.

"साब, ये दोनों चालू है."

उन्हाच्या झगझगाटात लाल दिवे दिसत नव्हते. त्यानं हाताचा आडोसा केला तेव्हा दिसले. मी म्हणालो, अरे, पण सीट तर तशीही तापलेलीच आहे. त्यानं चकतीच्या तारेला मीटर लावून पाहिलं.

"हौ. चालू है, मगर काम नहीं कर रा. इसको लग रा, काम हो गया."

म्हणजे बघा, मेच्या नांदेडात ते बिचारं यंत्र हात जोडून बसलेलं असायचं. त्याला जेवढी ऊब करायची तेवढी सूर्यानं दुपारीच करून ठेवलेली. मग मी बसायचो, एसी लावायचो, दहा मिनिटांत सीट जरा निवायची, आणि चकतीला जाग यायची. अरे, गार पडलं! लागा कामाला! एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनाच्या पट्ट्यावर, विजेचा अल्टरनेटरही त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर. एकाच डिझेलवर मी समोरून गारठत होतो आणि मागून भाजत होतो, आणि दोन्हीकडचे पैसे मीच भरत होतो. टायरवाला या वेळी हसला नाही. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

घरी येऊन चौकशी बसवली. पोरांनी शपथा घेतल्या. बायको म्हणाली, मी मागं बसते. आई शेंगा फोडत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"मीच दाबलं. माहूरला पायऱ्या चढून आले त्या दिवशी."

"अगं, पण मे महिना चालू आहे!"

"कंबरेला काय कॅलेंडर कळतंय?"

"बरं, तुझं तू दाबलंस. माझं कुणी दाबलं?"

"तेबी मीच दाबलं. तूच म्हणलास की, गाडी चालवून चालवून पाठ धरली म्हणून."

यावर आमच्या घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं, लातूरवालीकडेसुद्धा. गड्यानं दोन्ही तारा काढून देऊ का म्हणून दोनदा फोन केला, त्याला राहू दे म्हणालो. परवाच्या रविवारी लग्नाला लातूरला जाऊन आलो. बाहेर त्रेचाळीस अंश होतं, एसी चारवर होता, मांडीखाली ओला पंचा होता आणि हँडब्रेकपाशी दोन्ही दिवे लाल होते.