कोना पोऱ्या शे?

धुळ्यात अनोळखी माणूस दारात उभा राहिला, की त्याला नाव विचारत नाहीत. ‘कोना पोऱ्या शे रे तू?’ एवढंच विचारतात. कोणाचा ते कळलं, की चहाचं आधण चढतं. नाव चहा पिताना कधीतरी निघतं, नाही निघालं तरी बिघडत नाही. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना चक्क नंबर आहेत. गल्ली नंबर 4, गल्ली नंबर 5 अशी सुटसुटीत सोय. तरी पत्ता सांगणारा शेवटी ‘अमक्या अप्पांच्या घरासमोर’ यावरच येतो. नंबर पोस्टमनसाठी, अप्पा माणसांसाठी.

हे सगळं मला एका पतसंस्थेच्या कामात उपयोगी पडलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माझं बिल अजून तिथे आहे. सभासदांनी घरबसल्या पासबुक बघावं म्हणून संस्थेनं पूर्वी एक वेबसाइट करून घेतली होती. ती करणारा मुलगा पुण्याला गेला आणि जाताना ती कशी चालते हे ज्ञानही सोबत घेऊन गेला. अध्यक्ष नानांना आता तिला जोडून ‘वाचनकट्टा’ हवा होता. कर्जाचे नियम, कपाशीवरची बोंडअळी, केळीचा विमा, इतिहासाचार्य राजवाड्यांचे लेख, सगळं एका जागी. अट एकच: सभासदानं पुन्हा पासवर्ड टाकायचा नाही. पासबुकाचाच पासवर्ड कट्ट्यावर चालला पाहिजे.

“सोपं शे,” नाना म्हणाले. “सभासदांची यादी उचल, कट्ट्यावर टाक.”

यादी उचलायची म्हणजे पासवर्डही उचलायचे. जुन्या वेबसाइटनं ते कसे ठेवले होते, हे सांगणं सभ्यपणाचं होणार नाही. मी नानांना अमेरिकेतला दाखला दिला. एमआयटीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला एकच संगणक अनेकांनी वापरायची व्यवस्था झाली आणि ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. 1966 साली दोन फायलींची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्याला एरवी दिवसाची सूचना दिसायची. त्या दिवशी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

नाना हलले नाहीत. अमेरिका लांब आहे. मग मी म्हणालो, “नाना, यादी दोन ठिकाणी झाली म्हणजे रजिस्टरं दोन झाली. एकात पासवर्ड बदलला, दुसऱ्यात राहिला. ऑडिटर विचारेल, खरं कुठलं?”

ऑडिटर हा शब्द ऐकताच नानांनी बशी खाली ठेवली. दोन रजिस्टरांचा विषय तिथेच मिटला.

खरा मार्ग वेगळा आहे. कट्ट्यानं कोणाचा पासवर्ड विचारायचाच नाही. सभासद दारात आला, की त्याला पासबुकाच्या वेबसाइटकडे धाडायचं. तिनं आपल्या पद्धतीनं खात्री करायची आणि सही केलेली, थोडाच वेळ चालणारी चिठ्ठी देऊन परत पाठवायचं. कट्टा सही तपासतो आणि आत घेतो. याची रीतसर नियमावली आहे, ओपनआयडी कनेक्ट नावाची, 2014 साली ठरलेली. मी फळ्यावर चौकोन आणि बाण काढत होतो. संचालक मंडळ फळ्याकडे बघत होतं. म्हणजे डोळे तिकडे होते.

“समजलं,” नाना अचानक म्हणाले. “कट्टा इचारस, कोना पोऱ्या शे? पासबुक सांगस, आपलाच शे, येऊ दे.”

जगभरच्या तज्ज्ञांनी जे शेकडो पानांत लिहिलं, ते नानांनी दोन वाक्यांत उरकलं. खानदेशाला याचं अप्रूप नसावंच. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला तो टेंभलीत. ते गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असलं, तरी 1998 पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. दिल्लीचे मोठे लोक टेंभलीत येऊन माणसाला त्याची ओळख देऊन गेले. गावात ती आधीपासून सगळ्यांना होती, ही गोष्ट वेगळी.

पण ओळख पटली म्हणजे काम झालं, असं नसतं. सचिव आबांनी नेमकी तिथे मेख मारली. “आत आला, आता तो लेख खोडू शकतो का?” प्रश्न लाखाचा होता. अप्पांचा मुलगा म्हणून ओसरीवर चहा मिळतो, तिजोरीची किल्ली मिळत नाही. कोण आहे हे पासबुकानं सांगावं. काय करू द्यायचं हे कट्ट्यानं ठरवावं. वाचणारा, लिहिणारा आणि छापायला परवानगी देणारा असे तीन दर्जे मी मांडले. त्यावर संचालक मंडळाचं एकमत झालं आणि प्रत्येक संचालकानं स्वतःला तिसऱ्या दर्जात बसवलं.

चाचणी सुरू झाली, तेव्हा कळलं की सामायिक लॉगिन धुळ्यात आधीच अस्तित्वात होतं, फक्त वेगळ्या अर्थानं. एका घरातली चार खाती, पासवर्ड एक, आणि तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेननं लिहिलेला. खाली सूचना: ‘कोणी बदलू नये.’ ओटीपीची तऱ्हा याहून न्यारी. नोंदलेला मोबाइल नंबर मुलाचा आणि मुलगा हिंजवडीत. कापडण्याच्या बाबांना बोंडअळीवर वाचायचं, तर मुलानं मीटिंगमधून उठून सहा आकडे सांगायचे. ते येईपर्यंत ओटीपीची मुदत संपायची आणि अळी पुढच्या बोंडाला लागायची.

लॉगआउटनं तर घाम फोडला. सभासद कट्ट्यावरून बाहेर पडला, की पासबुकातूनही पडायला हवा. नाहीतर सायबर कॅफेत पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्याला याची शिल्लक दिसायची. दोन्हीकडचं लॉगआउट एकाच वेळी करणं हे लॉगिनपेक्षा किचकट काम. ते जमवलं, पण बटण दाबायला कोणी तयार होईना. एका आजींनी विचारलं, “ते दाबल्यावर पैसे तर जात नाहीत ना?” म्हणून बटणावर ‘बाहेर पडा’च्या खाली ‘पैसे सुरक्षित आहेत’ असं लिहावं लागलं. हे कुठल्याही नियमावलीत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नाना शांतपणे कट्टा चाळत होते. राजवाड्यांच्या लेखापाशी थांबले. इतिहासाचार्य 1926 च्या 31 डिसेंबरला याच शहरात गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्याचा अभिमान आहे. नाना म्हणाले, “या माणसानं गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे कागद बाहेर काढले. आणि आपण ते कुलपात घालतोय?”

“नाना, तुम्हीच म्हणालात, लॉगिन पाहिजे.”

“पासवर्ड दोनदा नको म्हटलं व्हतं. वाचाले लॉगिन कशाले? लॉगिन पैसाले लागस.”

संचालक मंडळानं माना डोलावल्या. चौकोन, बाण, चिठ्ठी, सही, सगळी व्यवस्था फक्त लिहिणाऱ्यांपुरती उरली आणि कट्टा सर्वांना खुला झाला. खरं सांगायचं, तर निर्णय शहाणपणाचा होता. बाबांना आता हिंजवडीला फोन करावा लागत नाही.

मी बिलाचा विषय काढला. नानांनी आबांकडे बघितलं, आबांनी संगणकाकडे. बाहेरच्यांची बिलं चेकनं काढणं बंद झालं होतं. रक्कम थेट संस्थेतल्या बचत खात्यात जमा होते आणि खातं सभासदालाच मिळतं.

“पण नाना, मला तर इथं सगळे ओळखतात!”

“वळख शे ना भो,” नाना माझ्यासमोर सभासदत्वाचा फॉर्म सरकवत म्हणाले, “अधिकार नही. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लाव. आणि मोबाइल नंबर तुझाच टाक, बापाचा नको.”