बदनाम नॅनो, प्रतिष्ठित पार्किंग

मुंबईच्या नाहूरमध्ये जुनी नॅनो घ्यायची तर इंजिनाआधी शेजाऱ्यांचा अंदाज घ्यावा लागतो. २००९ साली लाखाच्या बोलीवर आलेली, ६२४ सीसीची, मागे इंजिन असलेली ही गाडी. सुरुवातीला काही पेटल्या, २०१४च्या ग्लोबल एनकॅप धडक-चाचणीत शून्य तारे मिळाले; लोक तेही पोटात घालतात. पोटात जात नाही ते तिचं 'सर्वांत स्वस्त' असणं. महागडी गाडी पेटली तर तो किरकोळ तांत्रिक दोष असतो. शिवाय एलबीएस रोडवर संध्याकाळी जोरात धडकायला वेग देतंय कोण? उत्पादन २०१८मध्ये थांबलं, पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली, म्हणून मालक भाव उतरवतोय. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र ठाम: गाडी दहा फुटांची असली तरी पैसे पार्किंगच्या अख्ख्या चौकोनाचे!