करिअर हटके हवं, पण शेजाऱ्याच्या पोराचं!

मे महिना आला की विक्रोळीत आंबे आणि करिअर मार्गदर्शन शिबिरं एकदमच पिकतात. कन्नमवार नगरापासून टागोर नगरापर्यंत खांबाखांबावर फलक: ‘मुलांना जगावेगळ्या व्यवसायांची ओळख करून द्या!’ आत गारेगार हॉलात पडद्यावर चहा चाखणारे, अत्तर हुंगणारे, शार्कसोबत पोहणारे येऊन जातात. पालक टाळ्या वाजवतात. मग पहिला हात वर होतो, “सर, हे जेईई सांभाळून जमेल ना?”

हॉलातून रिक्षा केली तर मीटर फारसं पुढे सरकायच्या आत पिरोजशानगर येतं. तिथं गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची ‘विकास’ इंजिनं बनतात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. थोडक्यात, चंद्राला जायचं तर वाटेत विक्रोळी लागते. पण ते इंजिन जोडणारा फिटर पाळी संपवून रिकामा डबा घेऊन घरी येतो, तेव्हा सोसायटीत त्याची ओळख एवढीच: “कंपनीत असतात.” त्याचा मुलगा मात्र ‘एअरोस्पेसची तोंडओळख’ हा वर्ग लावतो. फी बाबाच भरतात.

कारखान्यामागे खाडी, खाडीत तिवरांचं रान. राज्य सरकारचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. म्हणजे चिखलात उतरून खेकडे-पाखरं बघायलाही पगार मिळतो. शिबिरात हे ऐकून मागच्या रांगेतले आजोबा कळवळले, “आम्ही फुकट उतरायचो, तर वडील बडवायचे हो!”

ज्यांच्या आडनावानं निम्मी विक्रोळी ओळखली जाते, ते अर्देशिर गोदरेज मुळात वकील. वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारं करून पाहिली, तो धंदा बसला. मग १८९७ साली लालबागेत कुलपं करायला घेतली. पुढे त्याच घराण्याच्या विक्रोळीच्या कारखान्यात देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या घडल्या. आजच्या समुपदेशकानं अर्देशिरांच्या कलचाचणीच्या अहवालावर शेरा मारला असता: ‘चित्त अस्थिर. वकिलीच करावी. कुलपं रविवारी, छंद म्हणून.’

शिबिर संपताना अभिप्रायाचा कागद फिरतो. ‘मुलानं वेगळी वाट निवडावी असं वाटतं का?’ सगळे पालक हिरिरीनं ‘हो’वर खूण करतात. ‘पसंतीची शाखा’ या रकान्यात सगळ्यांचं एकच उत्तर: कॉम्प्युटर. आणि ‘सूचना’खाली कुणीतरी मनापासून लिहितं: ‘कार्यक्रम फारच प्रेरणादायी. पुढच्या वेळी समोरच्या विंगमधल्या बंड्याला नक्की पाठवू.’